खारबांधावरची सोपी वाट

मी एक जुनी गाडीवाट आहे. पेणहून रोह्याकडे निघालात की एका ठिकाणी डांबरी रस्ता सोडून मातीची एक वाट खाडीच्या अंगाला उतरते. आधी ती एका घराच्या अंगणाला खेटून जाते, मग बाभळींखालून वाकून खारबांधावर चढते, आणि एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला भातशेती ठेवून पार जुन्या मिठागरापर्यंत पोचते. ती मी. माझ्या तोंडाशी हल्ली एक पाटी लावली आहे, ‘नवशिक्यांसाठी सोपी वाट’. मित्रांनो, खरं सांगते, ती पाटी ठोकली तेव्हा मला भारी राग आला होता. सोपी म्हणे! मिठाने भरलेली गाडी माझ्या वळणावरून नेताना भल्याभल्या बैलांच्या तोंडाला फेस यायचा, आणि कालचा पोर मला सोपी म्हणतो! आता तो राग उरलेला नाही. का उरला नाही, ते सांगायचं तर जन्मापासून सुरुवात करावी लागेल. म्हाताऱ्या वाटांना मधूनच सुरू होता येत नाही.

मी जन्मले चिखलातून. तेव्हा भरती आली की या सगळ्या पट्ट्यात खारं पाणी पसरायचं आणि ओहोटीला खेकडे फिरायचे. मग गावाने खाडीला सांगितलं, इथपर्यंत तुझं, इथून पुढे आमचं, आणि मधली रेघ म्हणून मला घातलं. बाया-माणसं ओळीने उभी राहिली. पहिल्याने चिखलाचं ढेकूळ उपसायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. अशी हाताहातांतून ढेकळं यायची, पेंढ्याच्या थरावर बसायची आणि वरून पायांनी तुडवली जायची. त्यामुळे मी कोणा एकाची कधीच नव्हते. त्या बोटांचे ठसे अजून माझ्या पोटात असतील.

बांधाचं काम दिसायला काहीच नसतं. तो नुसता पडून असतो. पण तो खचला तर काय होतं, हे खारपट्टीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की जमीन रुसते. उभं पीक तर जातंच, पण पुढचे दोन-तीन पावसाळे ती धुऊन निघेपर्यंत तिथे भाताची काडी धरत नाही. बांधाला पडलेल्या भगदाडाला इकडे खांड म्हणतात. ‘खांड पडली’ अशी हाळी आली की जेवणारा माणूस हात न धुता धावायचा. रुसवेफुगवे, भाऊबंदकी, कोर्टातली भांडणं, सगळं तेवढ्यापुरतं काठावर ठेवून लोक चिखलात उतरायचे. मला त्या हाळीची भीती वाटायची आणि थोडा अभिमानही वाटायचा.

मिठागरं चालू होती तेव्हा माझी चैन होती. मिठाच्या गाड्या जाव्यात म्हणून माझी पाठ मुद्दाम रुंद ठेवलेली. सकाळी रिकाम्या गाड्या जायच्या, उन्हं चढली की भरलेल्या परत यायच्या. त्या गाडीवानांत एक पुंडलिक होता. उंच, काळासावळा, अंगात गंजी आणि तोंडात बैलांशी अखंड गप्पा. माणसांशी मात्र बेताचंच बोलणं.

पुंडलिकाची गाडी कधी सरळ जात नसे. बैलाला एकदा चाकोरी सापडली की तो डोळे मिटून तिच्यातूनच चालतो. पुंडलिक त्याला तसं चालू देत नसे. आदल्या खेपेच्या चाकाची खूण दिसली की कासरा ओढून गाडी वीतभर बाजूला घ्यायचा. आज या काठाने, उद्या त्या काठाने, परवा मधून. कारण अगदी साधं होतं. चाक पुन्हा पुन्हा एकाच जागी फिरलं की तिथे घळ पडते. घळीत पावसाचं पाणी साचतं आणि साचलेलं पाणी बांधाला आतून भुसभुशीत करतं. पूर्वीचे सगळे गाडीवान असेच हाकायचे. पुंडलिक त्यांतला शेवटचा. त्याच्यामुळे माझी पाठ सारवलेल्या अंगणासारखी राहिली होती.

पण हे दुरून बघणाऱ्याला कसं कळावं? त्याला नुसती नागमोडी चाललेली गाडी दिसायची. मग कोणीतरी म्हणालं, पुंडलिकाने सकाळीच ताडी लावली वाटतं. झालं, तेवढं पुरे होतं. बघता बघता ते गावभर झालं. मित्रांनो, तो माणूस ताडीच्या थेंबालाही शिवत नव्हता. पण त्याला कोणी विचारलंच नाही. हसणारे हसून पुढे जातात, विचारायला थांबतो कोण?

त्याची सून पुतळी तेव्हा नवी नवरी होती. विहिरीवर बाया तिला विचारायच्या, सासरा आज किती प्याला गो? ती मान खाली घालून हंडा उचलायची आणि घर गाठायची. एके दिवशी तिला सहन झालं नाही. माझ्याच चढावर तिने गाडी अडवली आणि म्हणाली, “बाबा, निदान गाडीवर बसताना तरी पिऊ नका.”

पुंडलिक कसनुसा हसला. “बैलांना सवय हाय गो,” एवढंच म्हणाला आणि नेहमीसारखी गाडी वीतभर बाजूला घेऊन निघून गेला.

मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडून सांगितलं असतं. पुतळीचाही दोष नव्हता, ती तरी काय करणार होती! पण तो हसला तो चेहरा माझ्या मनातून गेला नाही.

पुढे पुंडलिक गेला. बैल विकले गेले. मिठागरं बसली, आणि वरच्या अंगाने डांबरी रस्ता झाला तशी माझी गरजही संपली. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, इथे तर मीठच बंद झालं होतं. माझ्यावर बाभळी माजल्या, खेकड्यांनी बिळं केली, म्हशी बसून बसून माझी कड ढासळली. दिवसचे दिवस माझ्यावर पाऊल पडत नसे. फक्त पुतळी यायची. माझ्या आतल्या अंगाला तिचं शेत आहे. नवरा लवकर गेला तेव्हा याच शेतावर तिने आपला हितेश वाढवला. शेजारच्यांनी एकेक करून जमिनी विकल्या, विकत घेणारे तिच्याही अंगणात येऊन बसले, चहा पिऊन गेले, पुन्हा आले. ती दर वेळी चहा द्यायची आणि नाही म्हणायची. ‘हाय तवर पिकवीन,’ हे तिचं ठरलेलं उत्तर. ओंजळीत ढेकळं घेऊन ती माझी बिळं बुजवायची आणि कधी कधी माझ्याशी बोलायची. म्हाताऱ्या माणसांना आणि म्हाताऱ्या वाटांना बोलायला कोणीतरी लागतंच.

हितेश मोठा होऊन डोलवीच्या बाजूला एका ठेकेदाराकडे डंपरवर ड्रायव्हर झाला. ठेका संपला तसा घरी आला. काही दिवस नुसता मोबाईल बघत पडून होता. मग एक दिवस उठला आणि कोयता घेऊन माझ्या बाभळी तोडायला लागला. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. शहरातले लोक हल्ली चारही चाकांना जोर असलेल्या मोठाल्या गाड्या घेतात, पण चिखल दिसला की काचा वर करतात. कच्च्या वाटेवर गाडी चालवायला त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. डोंगरातल्या अवघड वाटा भरपूर आहेत, पण ज्याने डांबर सोडलेलंच नाही त्याने पहिल्यांदा जायचं कुठे? आईला म्हणाला, शेत विकायचं नसेल तर बांधाने आता आपल्याला हात दिला पाहिजे. पुतळीला ते पटलं. तिला वाटलं, माणसांची वर्दळ राहिली तर बांधही राहील.

आणि मित्रांनो, माझे दिवस पुन्हा फिरले. रविवार आला की गाड्यांची रांग लागायची. एका जुन्या जीपमध्ये हितेश पुढे आणि मागे आपापल्या गाड्यांत ही भितरी मंडळी. एक डॉक्टरीणबाई होत्या. चढ चढून आल्यावर गाडीतून उतरल्या आणि माझ्या मातीला हात लावून नमस्कार केला. म्हणाल्या, ऑपरेशनला हात कापत नाहीत, इथे कापले. मुलं खिडकीतून बगळे बघायची. लोक माझे फोटो काढायचे. परतीला पुतळीच्या ओटीवर तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी असायची, आणि ‘रस्ता मस्त आहे हो तुमचा’ म्हटलं की पुतळीच्या चेहऱ्यावरचं हसू लपत नसे. मला ‘सोपी’ म्हणतात याचं तेव्हा काही वाटेनासं झालं. कोणाची भीती आपल्यामुळे जात असेल तर सोपी म्हणवून घ्यायला काय हरकत आहे?

फक्त एक गोष्ट बिनसली होती. हितेश सगळ्यांना पहिला धडा द्यायचा, पुढच्या गाडीच्या खुणेवरच आपलं चाक ठेवा, लाईन सोडू नका. डंपरच्या कामावर तो हेच शिकला होता आणि खडकातल्या वाटेवर ते बरोबरही असेल. पण मी खडक नव्हे, मी चिखलाचा बांध. एकामागून एक गाड्या त्याच दोन रेघांवरून जायच्या आणि त्या रेघा खोल होत जायच्या. पुंडलिकाचा सख्खा नातू माझ्या पाठीवर चाकोरी पाडत होता, आणि त्याला ते सांगणारं गावात कोणी उरलं नव्हतं. आजोबांविषयी त्याने ऐकलं होतं ते एवढंच, म्हातारा ताडी पिऊन गाडी हाकायचा.

याच दिवसांत सुरैय्या यायला लागली. ती रोह्याजवळच्या अष्टमीची. नवरा इद्रीस मस्कतला. त्याने घेतलेली गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची, आणि सासूला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी सुरैय्याला दिराच्या मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या. एकदा हिंमत करून ती स्वतः गाडी घेऊन कुंडलिका नदीच्या पुलावर गेली. मागून ट्रकने हॉर्न दिला, तशी पुलाच्या मधोमध गाडी थांबवून रडायला लागली. तेव्हापासून ताडपत्री पुन्हा घातलेली. माझ्यावर ट्रक नव्हते, हॉर्न नव्हते. म्हणून ती एसटीने यायची, नाक्यावर उतरून चालत यायची आणि हितेशच्या जीपवर शिकायची.

आणि काय सांगू, तिला सरळ जाताच येत नव्हतं! आत्ता या काठाला, तर घटकेत त्या काठाला. हितेश शेजारी बसून सांगायचा, भाभी, लाईन धरा. ती स्टिअरिंग घट्ट धरायची, ओठ दाबायची आणि पुन्हा भलतीकडेच जायची. तिचं चाक एका जागी दोनदा पडलं असेल तर शपथ. मागच्या गाड्यांतले लोक हसायचे. मला मात्र ती आली की बरं वाटायचं. तिच्या चाकांखाली माझी पाठ रगडल्यासारखी व्हायची, दुखत नसे. कितीतरी वर्षांनी माझ्यावरून कोणी तसं जात होतं.

एकदा एक गिऱ्हाईक ओटीवर भाकरी खाता खाता म्हणालं, या बाई काही घेऊन येतात की काय? सगळे हसले. पुतळी वाढता वाढता थांबली. विहिरीवरच्या त्या बायांचं हसणं तिला आठवलं असणार. “माझ्या ओटीवर बसून कोणाच्या बाईमाणसाला असं बोलायचं नाय,” ती शांतपणे म्हणाली. सुरैय्याने ते आतून ऐकलं. त्या दिवसापासून तिने पुतळीला मावशी म्हणायला सुरुवात केली.

पावसाळा आला. मला वाटलं, आता विसावा मिळेल. पण शहरातल्या लोकांना चिखल फार आवडतो हे मला माहीत नव्हतं. गाड्या येत राहिल्या. चाकोऱ्या घोट्याएवढ्या होत्या त्या गुडघ्याएवढ्या झाल्या. त्यांत पाणी साचलं, बेडूक ओरडायला लागले. जुन्या वळणावर तर खाडीकडची चाकोरी अगदी काठाशी गेली होती, तिथे माझी कड भाकरीच्या पापुद्र्याइतकी उरली. हितेश म्हणायचा, लोकांना इथेच खरी मजा येते. मी आतल्या आत मऊ होत चालले होते, आणि पुतळीचं भात माझ्या भरवशावर हिरव्याचं पिवळं होत होतं.

कोजागिरीचा दिवस उजाडला. पुनवेचं उधाण भर दुपारी असतं, आणि वर्षातलं हे उधाण मोठंच. हितेश सकाळीच गिऱ्हाइकांना घ्यायला नागोठण्याच्या बाजूला मोटरसायकलने गेला होता. सुरैय्या लवकर येऊन पुतळीला पोहे निवडू लागत होती. पुतळी सहज शेतावर नजर टाकायला म्हणून निघाली आणि वळणापाशी येऊन जागीच उभी राहिली.

माझी ती पातळ कड फुटली होती. खाडीचं पाणी चाकोरीत उतरलं होतं, चाकोरीतून पळत पुढे जात होतं आणि जिथे वाट सापडली तिथून पुतळीच्या शेतात सांडत होतं. अजून धार कळशीच्या तोंडाएवढीच होती. पण भरती चढायची होती. तासाभरात त्या धारेचा ओढा झाला असता. मित्रांनो, आपल्याच पोटातून पाणी जाताना कळतं आणि धरता येत नाही, यासारखं दुःख नाही.

पुतळी गावाकडे तोंड करून ओरडली, “खांड पडली होऽऽ! खांड पडली!”

ज्या हाळीला एकेकाळी जेवती ताटं पालथी व्हायची, त्या हाळीला त्या दिवशी फक्त एक कुत्रा भुंकला. कोणी जोह्याला गणपतीच्या कारखान्यात, कोणी डोलवीला शिफ्टवर, कोणी रोह्याला कामाला. गावात होती ती म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं. पुतळी धावत घरी आली. हितेशला फोन लावला. निघालोच म्हणाला, पण हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. पेंढ्याची उडवी घरामागे, रिकामी पोती पडवीत, आणि खांड लांब वळणावर. डोक्यावरून पेंढा न्यायचा तर अर्ध्या खेपा होईतोवर शेत गेलं असतं. जीप अंगणातच उभी होती, चावी खुंटीला होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुरैय्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेजारी हितेश नसताना तिने जीप कधी सुरूही केली नव्हती. पण ती सरळ उडवीकडे गेली आणि पेंढ्याचे भारे जीपमध्ये कोंबायला लागली. म्हाताऱ्यांनी पोती, फावडी, ठोकायच्या लाकडी मेढी आणून टाकल्या. पुतळी मागे पेंढ्यावर बसली आणि तिने बजावलं, चाकोरीतून जाऊ नको गो, तिथं तळ राहिला नाय, जीप रुतली तर बांधच बसंल.

“मावशी,” सुरैय्या म्हणाली, “चाकोरीतून जाता आलं असतं तर लोक हसले असते का मला?”

आणि ती निघाली. पहिल्या चढावर गाडी बंद पडली. तिने ‘या अल्ला’ म्हटलं आणि पुन्हा सुरू केली. मग ती माझ्यावर आली. दोन चाकोऱ्यांच्या मधे माझा उंचवटा उरला होता, काठाला थोडी कोरडी पट्टी होती. एक चाक उंचवट्यावर, दुसरं पट्टीवर, मग पट्टी खचतेय असं वाटलं की लगेच दुसऱ्या अंगाला. तिच्या हातांना सरळ जायची सवयच नव्हती, आणि त्या दिवशी सरळ गेली असती तर आम्ही तिघी खाडीत असतो. मी जीव मुठीत धरून तिला पेललं. जिथे जिथे माझं अंग अजून घट्ट होतं, तिथेच तिचं चाक पडत होतं. मला तर मधेच वाटलं, कासरा ओढल्याचा आवाज येतोय.

वळणावर पोचेपर्यंत धार हंड्याच्या तोंडाएवढी झाली होती. पुतळी साडी खोचून सरळ पाण्यात उतरली. मेढी ठोकल्या, पेंढा दाबला, पोत्यांत चिखल भरून रचायला लागली. सुरैय्या रिकामी जीप घेऊन पुन्हा पेंढ्याला गेली, पुन्हा आली. दोघींच्याने ते आवरणारं नव्हतं, हे मला दिसत होतं. एवढ्यात डांबरावर गाड्या थांबल्या. चाकोऱ्यांत पाणी पाहून हितेशने गाड्या तिथेच सोडायला लावल्या आणि सगळे पळत आले. नव्या कोऱ्या बुटांतले, गॉगलवाले, त्यांत त्या डॉक्टरीणबाईही. त्यांना काय करायचं ते ठाऊक नव्हतं. पुतळीने ओळीने उभं केलं. हितेशने चिखलाचं ढेकूळ उपसून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं, त्यांनी पुढच्याला. हाताहातांतून ढेकळं यायला लागली. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगाला इतकी बोटं लागली आणि मला माझा जन्म आठवला.

भरती डोक्यावर आली, थोडा वेळ कडेला थडकत राहिली आणि उतरायला लागली. बांध टिकला. शेताचा खालचा कोपरा खाऱ्या पाण्यात गेला होता, पण बाकीचं भात उभं होतं.

हितेश चाकोरीच्या काठावर बसला आणि त्याने आत हात घातला. कोपरापर्यंत हात आत गेला. “आई,” तो म्हणाला, “बांध मीच कापला.”

पुतळीने ते ऐकलं नसावं. ती माझ्याकडे बघत होती. चिखलात सुरैय्याच्या जीपच्या खुणा उमटल्या होत्या, एक या काठाला, एक त्या काठाला, एक मधे, कुठलीच कुठल्यावर नाही. पुतळी त्या खुणांबरोबर थोडं चालत गेली. मग खाली बसली आणि तिने माझ्यावर तळवा टेकला.

“असंच हाकायचे ते,” ती म्हणाली. “प्यालेले नव्हते गो. माझा सासरा कधी प्यालेला नव्हता. तो बांध राखत होता.”

आणि सगळ्यांसमोर ती हमसून हमसून रडली. सुरैय्या तिच्या शेजारी चिखलात बसून राहिली. हितेशचे डोळे आईवरून त्या खुणांकडे गेले आणि तिथेच थांबले. मित्रांनो, पुतळीच्या तळव्याखालचा माझा तो तुकडा बराच वेळ गरम होता. मी जन्मभर जे ओरडून सांगू शकले नाही, ते तिला न सांगता कळलं होतं.

भात कापून होईपर्यंत हितेशने मला बंद ठेवलं. चाकोऱ्या बुजवल्या, कड भरून काढली, सुट्टीच्या दिवशी गावातली पोरंही आली. आता पाटीखाली दुसरी पाटी आहे. पावसाळ्यात वाट बंद. आणि पहिला धडा बदलला आहे. हितेश सांगतो, पुढच्या गाडीच्या खुणेवर चाक ठेवायचं नाही, वीतभर बाजूने जायचं. शहरातल्या लोकांना हे अवघड जातं. तो म्हणतो, आमच्या आजोबांच्या बैलांना जमायचं, तुम्हालाही जमेल. नव्या मंडळींच्या पुढे जीप घेऊन कधी कधी सुरैय्याच जाते. ती आता स्वतःच्या गाडीने येते, आणि सासूला दवाखान्यात नेताना कुंडलिकेचा पूलही ओलांडते. पुलावर आपण अगदी सरळ चालवतो असं ती सांगते. खरं खोटं मला माहीत नाही, मी पूल पाहिलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादा बांध असेल, एखादी वाट असेल, नुसती पडून राहिलेली. तिच्यावरून जरूर जा, आम्हाला माणसांची सवय आहे, एकटं राहवत नाही. फक्त रोज त्याच जखमेवरून जाऊ नका. आणि इथे आलात, खाडीच्या काठाने गाड्या दारुड्यासारख्या वाकड्यातिकड्या चाललेल्या दिसल्या आणि हसू आलं, तर हसा खुशाल. पण मग पुतळीच्या ओटीवर घडीभर टेका आणि असं का, ते विचारा. ती आता मान वर करून सांगते.